किकलीचे देऊळ, ‘हेमाडपंती’ हा शब्द आणि वीरगळ

किकलीच्या देवळावरील माझ्या लेखावरची आपली प्रतिक्रिया दोनदा वाचली. किकलीच्या (ता. वाई) भैरवनाथ मंदिराला मी ‘हेमाडपंती’ म्हणण्याचे टाळले हा उगाच केलेला काटेकोरपणा आहे आणि आवारातले वीरगळ (झुंजीत पडलेल्या वीरांच्या स्मरणार्थ उभारलेले कोरीव दगड) पाहूनही तिथल्या लढाईविषयी मी गप्प राहिलो, हे आपले दोन आक्षेप आहेत.

पहिल्याविषयी. ज्यांच्या नावावरून हा शब्द आला ते हेमाद्री पंडित ऊर्फ हेमाडपंत हे देवगिरीच्या महादेव आणि रामचंद्र या यादव राजांच्या पदरी, म्हणजे तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात होते. अंबरनाथच्या शिवमंदिरातला शिलालेख मात्र शके ९८२ चा, म्हणजे इ.स. १०६० चा आहे. तरीही त्या देवळाला सर्रास हेमाडपंती म्हटले जाते. दोनशे वर्षांनी आलेल्या माणसाचे नाव आधीच्या बांधकामाला चिकटते तेव्हा त्या नावाने काळ ठरत नाही. चुना न वापरता घडीव दगड खाचा-कंगोऱ्यांनी आणि स्वतःच्या वजनाने एकमेकांत बसवण्याची पद्धत एवढाच अर्थ आपल्याला अभिप्रेत असेल, तर माझी हरकत नाही. गावात मीही हाच शब्द वापरतो.

इथे माझी एक चूक कबूल करायला हवी. एका छायाचित्राखाली ‘सांध्यांत चुना नाही, म्हणून यादवकालीन’ असे मी लिहिले होते, ते याच न्यायाने चुकीचे ठरते आणि ते मी काढून टाकले आहे. काळाचा अंदाज करायचा तर तीन गाभारे एकाच सभामंडपाला जोडणारी त्रिदल मांडणी, खांबांची घडण आणि छताची रचना ही सगळी एकत्र पाहावी लागतात. शिखरावर तर मुळीच विसंबू नये, कारण आपल्याकडच्या कित्येक जुन्या देवळांवर विटा-चुन्याची शिखरे मागाहून चढवलेली आहेत.

वीरगळांबाबत मात्र मी आपल्याशी सहमत नाही. वीरगळाच्या खालच्या चौकटीत झुंज किंवा वीराचे मरण, मधल्या चौकटीत त्याला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, वरच्या चौकटीत शिवलिंगाची पूजा आणि माथ्यावर चंद्र-सूर्य, असा साधारण क्रम असतो. हे स्मारक त्या वीराचे असते. ते देवळाजवळ उभे आहे एवढ्यावरून देवळासाठी लढाई झाली असे म्हणता येत नाही, शिवाय पुष्कळ वीरगळ मूळ जागेवरून हलवून देवळाच्या आश्रयाला आणून ठेवलेले असतात. पुन्हा किकलीला गेलात तर खालची चौकट जवळून पाहावी: तिथे गाई कोरलेल्या दिसल्या, तर तो वीर बहुधा गावाचे गोधन सोडवताना पडलेला असतो.