मराठी शिका म्हणताना वर्गाचा पत्ताही द्या

२०१२ च्या हिवाळ्यात माझा मुलगा तीन महिन्यांचा होता आणि रात्रभर तापाने फणफणत होता. नवरा कामासाठी दुसऱ्या गावी गेलेला. सकाळी एकटीच त्याला घेऊन दवाखान्यात गेले. काउंटरवरच्या बाईंनी आईचं नाव विचारलं. मी म्हटलं, वैशाली. त्यांनी डब्ल्यूखाली शोधलं, सापडलं नाही. मी 'व्ही' म्हटलं, 'व्ही फॉर व्हॅन' म्हटलं, तरी त्यांना दर वेळी डब्ल्यूच ऐकू जायचं. मागे रांग वाढत होती, मूल रडत होतं. शेवटी कागद मागून घेतला आणि नाव लिहून दिलं. मी बार्शीला मराठी माध्यमात शिकलेली, बी.ए. झालेली. इंग्रजी वाचायला यायचं, पॅसिव्ह व्हॉइसचे नियम तोंडपाठ होते, आणि स्वतःचं नाव समोरच्याला कळेल असं सांगता आलं नाही. पुढच्याच महिन्यात इथल्या, अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात फ्रीमाँटमधल्या कम्युनिटी कॉलेजात इंग्रजीच्या वर्गाला नाव घातलं.

तिकडे महाराष्ट्रात भाषेवरून चाललेली भांडणं वाचताना मला हा वर्ग आठवतो, म्हणून त्याच्याबद्दल जरा सविस्तर सांगते.

कम्युनिटी कॉलेज म्हणजे सरकारी पैशातून चालणारं, गावातल्या कुणालाही दार उघडं असणारं दोन वर्षांचं कॉलेज. एकट्या कॅलिफोर्नियात अशी ११६ आहेत. पहिलं १९१० साली फ्रेस्नोला सुरू झालं. नर्सिंग, वेल्डिंग, हिशेबनीस अशा अभ्यासक्रमांबरोबर तिथे परक्या मुलखातून आलेल्यांसाठी इंग्रजी शिकवतात. त्याला सगळे 'ईएसएल' म्हणतात. पदवीत धरल्या जाणाऱ्या वर्गांना इथल्या रहिवाशांना युनिटमागे ४६ डॉलर फी पडते, पण नॉन-क्रेडिट, म्हणजे पदवीत न धरल्या जाणाऱ्या, ईएसएलला फीच नाही. मी एच-फोर व्हिसावर होते, म्हणजे इथे नोकरीला आलेल्या नवऱ्याची बायको म्हणून. तेव्हा आमच्यासारख्या बायकांना नोकरीची परवानगी नव्हती, ती काही जणींना २०१५ पासून मिळू लागली. शिकायला मात्र आडकाठी नव्हती.

लेखी चाचणीत मी बरीच वरच्या पातळीवर गेले. मग वर्गाच्या बाईंनी समोर बसवून विचारलं, शनिवार-रविवारी काय केलंस? व्याकरण सगळं डोक्यात होतं, तोंडातून एक वाक्य पुरतं बाहेर पडेना. त्यांनी पाच सेकंद वाट पाहिली, दहा सेकंद पाहिली. मध्ये शब्द पुरवला नाही, घड्याळाकडे पाहिलं नाही. माझं अर्धं वाक्य झाल्यावर 'मग?' एवढंच म्हणाल्या. त्या दहा सेकंदांचं माझ्यावर ऋण आहे.

वर्गात आम्ही वीस-बावीस जण होतो. फ्रीमाँटमध्ये अफगाण लोकांची मोठी वस्ती, एका भागाला लोक लिटल काबूलच म्हणतात. तिथल्या एक आजी स्वतःच्या भाषेतही कधी लिहायला शिकल्या नव्हत्या. नातवंडांशी बोलता यावं म्हणून येणारे एक चिनी आजोबा होते. मेक्सिकोचा एक जण घरांच्या छपरांचं काम करून थेट यायचा, बुटांना डांबर लागलेलं असायचं, आणि आठ वाजता त्याचे डोळे मिटायला लागायचे. बाई त्याला उठवायच्या नाहीत, पण वर्ग सुटल्यावर त्या दिवसाचा कागद त्याच्या हातात द्यायच्या.

एकदा बाईंनी प्रत्येकाला छोटा आरसा दिला. 'व्ही'साठी वरचे दात खालच्या ओठावर टेकवायचे, 'डब्ल्यू'साठी शीळ घालताना करतो तसा ओठांचा चंबू करायचा. आपल्या मराठीत एकच 'व' आहे, तो या दोहोंच्या मध्ये कुठेतरी बसतो, हे मला तिशीत त्या आरशात पाहताना कळलं. दवाखान्यातल्या त्या बाईंचं काही चुकलं नव्हतं, आणि माझंही नव्हतं. घरी जाऊन मुलाच्या पाळण्याशेजारी बसून मी 'व्हाइन, वाइन, व्हेस्ट, वेस्ट' म्हणत राहिले. दुसऱ्या महिन्यात फोनवरून त्याच दवाखान्याची वेळ घेतली. नाव पहिल्या फटक्यात सापडलं.

आता तिकडचं. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा आम्ही इथे पेढे वाटले. पुढच्या एप्रिलमध्ये पहिलीपासून हिंदीचा शासन निर्णय आला, विरोध झाला, आणि २९ जून २०२५ ला तो मागे घेतला गेला. तो विरोध मला शंभर टक्के पटतो; सहा वर्षांच्या मुलावर तिसरी भाषा लादायचं काही कारण नव्हतं. पण त्याच सुमारास मीरा रोडला मराठीवरून एका दुकानदाराला मारहाण झाली. तो व्हिडिओ आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर आला आणि खाली अंगठ्यांची रांग लागली. मी अंगठा दिला नाही, आणि का दिला नाही हे चार ओळींत सांगता आलं नाही.

मुंबईत आयुष्य काढून मराठीचा एक शब्द न येणाऱ्यांबद्दल आपल्या माणसांना जे वाटतं ते मला समजतं. आपल्याच गावच्या बँकेत आपल्याच भाषेत विचारलं तर समोरचा तोंड फिरवतो, हे माझ्या वडिलांनी सोसलंय. ज्या मातीत राहायचं तिची भाषा शिकायची ही अपेक्षा रास्तच आहे. मी परक्या देशात तेच केलं. पण मला कुणी कानाखाली मारून इंग्रजी शिकवलं नाही. मला पत्ता दिला गेला: अमुक इमारत, अमुक खोली, संध्याकाळी साडेसहा. ओडिशाहून आलेल्या वॉचमनला आपण कुठला पत्ता देतो?

अमेरिकेत सगळं गोड आहे असं मी म्हणणार नाही. 'इथे इंग्रजीच बोल' असं दुकानात ऐकलेल्या बायका माझ्या ओळखीत आहेत. १ मार्च २०२५ ला राष्ट्राध्यक्षांनी आदेश काढून इंग्रजीला देशाची अधिकृत भाषा केलं, आणि त्याच आदेशाने इंग्रजी कमी येणाऱ्यांना सरकारी कामात मदत द्यावी असा २००० सालचा आदेश रद्द केला. मला ते वाईट वाटलं, कारण त्या अफगाण आजी डोळ्यांसमोर आल्या. वर्गातल्या जागाही कमी पडतात, आणि लहान मूल असलेल्या आईला संध्याकाळी साडेसहाला बाहेर पडणं किती अवघड असतं ते मी भोगलंय. तरीही तो वर्ग आहे, आणि तो असल्यामुळे 'इंग्रजी शीक' या वाक्याला काही अर्थ उरतो.

महाराष्ट्राला हे नवं नाही. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८५५ मध्ये शेतकरी-कामकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली होती. मुंबईतल्या रात्रशाळांनी गिरणी कामगारांच्या पिढ्या शिकवल्या. पालिकेच्या मराठी शाळांचे वर्ग संध्याकाळी रिकामे असतात, आणि मराठी घेऊन एम.ए. झालेली, डी.एड. झालेली मुलं कामासाठी वणवण फिरतात. अमराठी लोकांना मराठी कसं शिकवायचं याचा अभ्यासक्रमही मुंबई विद्यापीठाच्या जर्मन विभागाने तयार केलेला आहे. राहिलं काय? या सगळ्याची मोट बांधून प्रत्येक वॉर्डात एक फुकट संध्याकाळचा वर्ग. रिक्षा, भाजी, गॅस, शाळेची नोटीस, दवाखाना, एवढ्यापासून सुरुवात. मराठीच्या नावावर मतं मागणाऱ्या प्रत्येक पक्षाला मला हे विचारायचंय: तुमच्या वॉर्डात असे किती वर्ग चालतात?

दुसरी गोष्ट सरकारच्या हातातली नाही. गेल्या डिसेंबरात डोंबिवलीला आत्याकडे होते. सकाळी खालून वॉचमनने हाक दिली, "ताई, पाणी आला." आत्या लगेच म्हणाली, "हाँ भैया, आने दो." तो हिंदीवर आला आणि दिवसभर हिंदीतच राहिला. मी आत्याला म्हटलं, अगं, तो मराठीत बोलत होता. तिच्या ते लक्षातच आलं नव्हतं. मला माझ्या बाईंचे ते दहा सेकंद आठवले. इंग्रजी कच्चं आहे हे दिसत असूनही इथे समोरच्याने माझ्यासाठी भाषा बदलली नाही, कारण त्याला दुसरी येतच नव्हती, आणि त्या नाइलाजातून मी शिकले. आपल्याला हिंदी येते. त्यामुळे थांबायचं की नाही हे आपण ठरवू शकतो, आणि बहुतेक वेळा आपण थांबत नाही.

परवा आत्याचा फोन आला होता. ती आता त्याच्याशी मराठीतच बोलते. तो पाणी 'आला' म्हणायचा, ती 'आलं' म्हणायची. मग त्याने एकदा जिन्यात थांबून विचारलं की दूध आलं, पाणी आलं, मग चहा आला असं का? त्याच्या उडियामध्ये ही तो-ती-तेची भानगड नाही, जशी माझ्या मराठीत इंग्रजीतल्या 'द' आणि 'अ'ची नाही. आत्याने पाच मिनिटं विचार केला आणि उत्तर देता आलं नाही. मला विचारत होती, शाळेच्या व्याकरणाचं एखादं पुस्तक अजून घरी आहे का म्हणून.