‘स्टेनलेसला साफसफाई लागत नाही’ हा दावा तपासून पाहू

जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतील फॅब्रिकेशनच्या धंद्यातील मंडळींच्या मोबाइलवर सध्या एक संदेश वारंवार फिरतो आहे. त्याचा आशय असा: स्टेनलेस स्टील गंजतच नाही, म्हणून वेल्डिंगपूर्वी साफसफाईत वेळ घालवू नये, हाती लागेल तो ब्रश आणि ती डिस्क चालते, जोडावरचा निळा-काळा रंग दिसण्यापुरता असतो, तो बाथरूम धुण्याच्या ॲसिडने पुसावा, बफ मारून चकाकी आणली की काम संपले, आणि तरीही डाग पडलेच तर पत्रा डुप्लिकेट समजावा, चुंबक लावून खात्री करावी. यातले जवळजवळ प्रत्येक वाक्य चुकीचे आहे. दालमिलचे हॉपर, केळीच्या वेफर्सच्या कढया आणि दुधाच्या टाक्या ज्या भागात रोज बनतात, तिथे या चुकांचा भुर्दंड गिऱ्हाइकालाही बसतो आणि कारागिरालाही. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

स्टेनलेस गंजत नाही, हे अर्धेच खरे आहे. सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या ३०४ ग्रेडमध्ये सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते. उरलेला बहुतेक भाग लोखंडच असतो. क्रोमियमचा हवेतील ऑक्सिजनशी संयोग होऊन पृष्ठभागावर अवघी काही नॅनोमीटर जाडीची साय धरते आणि तीच आतल्या लोखंडाचे रक्षण करते. ओरखडा पडला तरी ती पुन्हा धरते, मात्र त्यासाठी पृष्ठभाग स्वच्छ असावा लागतो. कटिंगचे तेल, पत्र्यावरच्या प्लॅस्टिकचा चिकटा, मार्करची शाई आणि हाताचा घाम हे सारे आर्कखाली (वेल्डिंगच्या विजेच्या ठिणगीखाली) जळते. त्यातून जोडात छिद्रे पडतात आणि कार्बन धातूत शिरतो. पांढऱ्या फडक्यावर ॲसिटोन घेऊन, फडक्याला डाग लागेनासा होईपर्यंत पुसावे आणि ते पूर्ण उडून गेल्यावरच आर्क पेटवावा. क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनरने मात्र पत्रा कधीही पुसू नये, कारण आर्कच्या उष्णतेने आणि अतिनील किरणांनी त्यातून फॉसजीन हा प्राणघातक वायू तयार होतो.

सर्वाधिक नुकसान ‘कोणताही ब्रश चालतो’ या वाक्याने होते. आपल्याकडच्या बहुतेक शेडमध्ये एमएसचे (साध्या लोखंडाचे, म्हणजे माइल्ड स्टीलचे) गेट आणि एसएसची (स्टेनलेस स्टीलची) टाकी एकाच टेबलावर बनते, ग्राइंडरही तोच असतो. लोखंडी तारेचा ब्रश स्टेनलेसवर फिरला की तारेचे सूक्ष्म कण पृष्ठभागात रुततात, आणि एमएसवर वापरलेली फ्लॅप डिस्क (ग्राइंडरला लावायची, घासकागदाच्या पाकळ्यांची चकती) तर आपल्या दाण्यांत अडकलेले लोखंड थेट रगडून बसवते. ज्याला हे पटत नसेल त्याने एकाच पत्र्याचे दोन तुकडे घ्यावेत, एकावर लोखंडी आणि दुसऱ्यावर कोरा स्टेनलेस तारेचा ब्रश मारावा आणि दोन्हींवर ओले फडके टाकून रात्रभर ठेवावे. सकाळी पहिल्या तुकड्यावर तांबूस रेघा उमटलेल्या दिसतात, आणि त्या ज्या दिशेने ब्रश फिरला त्याच दिशेने असतात. पत्रा तोच असल्याने दोष पत्र्याचा नाही, हे तिथेच स्पष्ट होते. उपाय खर्चिक नाही: एसएससाठीचे ब्रश आणि डिस्क वेगळ्या ठेवाव्यात, त्यांच्या दांड्यांना रंग लावून खूण करावी, टेबलावर लाकूड किंवा रबर अंथरावे आणि शेजारी एमएसचे ग्राइंडिंग चालू असेल तर एसएसचे काम झाकून ठेवावे. गॅल्व्हनाइझ्ड पाइपाला एसएस जोडताना तर जस्त जोडापासून पुरते दूर काढलेच पाहिजे, कारण वितळलेले जस्त स्टेनलेसमध्ये शिरून त्याला तडे पाडते.

जोडाचा रंग दिसण्यापुरता असतो, हाही गैरसमज आहे. सोनेरी, तपकिरी, जांभळा, निळा हे रंग म्हणजे उष्णतेने जाड झालेल्या ऑक्साइडचे थर होत. ते बनताना खालच्या धातूतले क्रोमियम खेचले जाते, त्यामुळे रंगाखालची पातळ पट्टी क्रोमियमला मुकलेली असते आणि पुढे गंज धरतो तो नेमका तिथेच. म्हणून रंगाबरोबर ती पट्टीही काढावी लागते. पाइपाच्या आतल्या बाजूकडे तर कोणी पाहतही नाही. टिग वेल्डिंग (टंगस्टनच्या सुईने, वायूच्या आडोशाने होणारे वेल्डिंग) करताना आत हवा दूर ठेवणारा आर्गन वायू भरला नाही, तर तिथे साखरेच्या खड्यांसारखी काळी खरखरीत कड तयार होते. दुधाच्या लाइनमध्ये त्या कडेत साय अडकते आणि कोणताही ब्रश तिथे पोहोचत नाही.

बाथरूमच्या ॲसिडबद्दल मी अधिक कठोरपणे लिहितो. ते हायड्रोक्लोरिक ॲसिड असते, आणि क्लोराइड हा तर स्टेनलेसचा मुख्य शत्रू. रंग जातो, पण सुईच्या टोकाएवढे खड्डे पडायला सुरुवात होते आणि जोडाच्या फटीत राहिलेले ॲसिड आतून खात राहते. रंग काढण्यासाठीची पिकलिंग पेस्ट नायट्रिक आणि हायड्रोफ्लोरिक ॲसिडची असते. ती काम चोख करते, परंतु हायड्रोफ्लोरिक त्वचेतून आत जाऊन शरीरातील कॅल्शियमवर हल्ला करते आणि वेदना कधीकधी काही तासांनी सुरू होतात. योग्य हातमोजे, चेहऱ्याची ढाल आणि कॅल्शियम ग्लुकोनेट जेल जवळ असल्याशिवाय त्या डब्याचे झाकण उघडूच नये, आणि अंगावर थेंब पडलाच तर भरपूर पाण्याने धुऊन, जेल लावून लगेच दवाखाना गाठावा. आपल्या मे महिन्याच्या उन्हात तापलेल्या पत्र्यावर पेस्ट लावली तर ती वाळून बसते, म्हणून हे काम सावलीत आणि थंड पत्र्यावर करावे. धुतलेले पाणी चुन्याने निष्प्रभ केल्याशिवाय गटारात सोडू नये. बोअरचे पाणी क्षारयुक्त असेल तर शेवटचे धुणे आरओच्या पाण्याने करावे. सायट्रिक ॲसिड तुलनेने सौम्य असते आणि पृष्ठभागावरचे मोकळे लोखंड काढते, मात्र निळा रंग त्याने जात नाही.

चकाकीचा मुद्दा थोडक्यात आटोपतो. ८० नंबरच्या (भरड दाण्याच्या) डिस्कनंतर थेट बफ मारल्यास खोल ओरखडे झाकले जातात, जात नाहीत. ८०, १२०, १८०, २४० अशा क्रमाने, प्रत्येक वेळी दिशा बदलून आधीच्या रेघा पूर्ण घालवाव्या लागतात. स्टेनलेस तापल्यावर एमएसपेक्षा जास्त फुगते आणि उष्णता फार हळू वाहून नेते, म्हणून ग्राइंडर एकाच जागी दाबून धरला की पत्रा वाकतो आणि पुन्हा निळा पडतो.

राहिला चुंबकाचा मुद्दा. मॅंगनीज जास्त आणि निकेल कमी असलेला स्वस्त २०२ ग्रेडही साधारणतः चुंबकाला चिकटत नाही. उलट अस्सल ३०४ वाकवल्यावर किंवा दाबून ओढल्यावर किंचित चिकटतो. ३०८एल या भरणीच्या तारेने केलेल्या जोडात गरम असताना तडे पडू नयेत म्हणून थोडे फेराइट (लोखंडाचे चुंबकाला चिकटणारे रूप) मुद्दाम राखलेले असते, त्यामुळे असा जोडही थोडा ओढला जातो. ४३० ग्रेड तर पूर्ण चिकटतो आणि तरीही स्टेनलेसच असतो. त्यामुळे चुंबकाच्या भरवशावर पत्रा विकणाऱ्याला खोटे ठरवणे अन्यायाचे आहे. ग्रेडची शंका असेल तर बिलावर ग्रेड लिहून घ्यावा, मिलचे टेस्ट सर्टिफिकेट मागावे आणि त्यावरचा हीट नंबर (धातू वितळवलेल्या घाण्याचा क्रमांक) पत्र्यावर छापलेल्या नंबराशी जुळतो का, हे पत्रा कापण्यापूर्वी पाहावे.