पाच मिनिटांत खुनी? मामा, आधी मेरीलँडचं ऐका

रविवारी सकाळचा चहा व्हायच्या आत कोल्हापूरच्या मामांचा फॉरवर्ड आला. महिन्याभरात हाच मजकूर माझ्याकडे तिसऱ्यांदा येत होता, पण या वेळी खाली मामांची स्वतःची ओळ होती: "तुम्ही वकील लोकच असलं काही होऊ देत नाही." म्हणून हे लिहितेय. नाहीतर डिलीट करून मोकळी झाले असते.

मजकूर थोडक्यात असा. अमेरिकेत प्रत्येक बंदूक विकण्याआधी तिच्यातून एक गोळी झाडतात आणि मागे उरलेली काडतुसाची रिकामी पुंगळी सरकार जपून ठेवतं. बंदुकीचा ठसा बोटाच्या ठशासारखा, जन्मभर बदलत नाही. गुन्ह्याच्या जागी पुंगळी सापडली की कॉम्प्युटर पाच मिनिटांत मालकाचं नाव देतो. नव्या बंदुका तर आपला नंबरच पुंगळीवर छापतात. यंत्र चुकत नाही, म्हणून खटले रेंगाळत नाहीत. भारतात हे उद्यापासून सुरू करा.

पहिलं म्हणजे 'अमेरिकेत' म्हणजे नक्की कुठे? अख्ख्या देशात असा नियम नाही. मेरीलँड आणि न्यूयॉर्क या दोन राज्यांनी तो करून पाहिला. मेरीलँडने २००० साली कायदा केला: नव्या पिस्तुलासोबत कंपनीने झाडलेली पुंगळी पाकिटात घालून द्यायची, मग ती राज्य पोलिसांकडे जाणार. पंधरा वर्षांत तीन लाखांवर पुंगळ्या जमल्या, पन्नास लाख डॉलर खर्च झाले. स्कॅन केलेल्या पुंगळ्यांची चित्रं वाढत गेली तसा कॉम्प्युटर गुदमरला, तेव्हा २००७ मध्ये स्कॅनिंग थांबवलं. पाकिटं मात्र येतच राहिली, कारण कायदा होता ना! पुंगळ्या जुळल्या २६ वेळा, आणि पोलिसांच्याच सांगण्यानुसार त्या प्रत्येक वेळी कुठली बंदूक शोधायची हे त्यांना आधीच ठाऊक होतं. २०१५ मध्ये कायदा रद्द झाला. न्यूयॉर्कने आपला संग्रह त्याआधीच, २०१२ मध्ये बंद केला होता. फॉरवर्ड लिहिणाऱ्याला हे कोणी कळवलेलं दिसत नाही.

आता ती पाच मिनिटं. यासाठी कॅलिफोर्नियाकडे बघायला हवं, कारण त्यांनी पुंगळ्या गोळा करण्याआधी, हे जमेल का याचा अभ्यास करा, असा कायदा केला. वर्ष तेच, २०००. राज्याच्या न्याय विभागाच्या तज्ज्ञांनी एकाच मॉडेलची ७९२ पिस्तुलं घेतली आणि त्यांच्या पुंगळ्या यंत्रात भरल्या. मग त्यातल्याच काही पिस्तुलांतून पुन्हा गोळ्या झाडल्या आणि यंत्राला जोडी शोधायला सांगितली. काडतूस त्याच कंपनीचं असताना सुमारे ३८ टक्के वेळा खरी जोडी यंत्राने सुचवलेल्या पहिल्या पंधरांतही आली नाही. काडतूस दुसऱ्या कंपनीचं वापरल्यावर हे अपयश ६२ टक्क्यांवर गेलं.

कारण साधं आहे. फायरिंग पिन, म्हणजे काडतुसाच्या बुडातल्या टोपीवर आदळणारी सुई, आणि काडतुसामागचा बंदुकीचा धातू पुंगळीच्या बुडावर खूण उठवतात, पण ती किती खोल आणि किती स्पष्ट उठेल हे पुंगळीचं पितळ आणि टोपी किती मऊ-कडक आहेत यावरही ठरतं. खून करायला निघालेला माणूस कारखान्याने चाचणीला वापरलेल्याच ब्रँडचं काडतूस विकत घेईल, ही अपेक्षा जरा जास्तच नाही का? शिवाय ही गत ७९२ पिस्तुलांत. संग्रहात दरवर्षी लाखभर भरली तर काय होईल? २००८ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिल या शास्त्रज्ञांच्या सल्लागार संस्थेनेही देशभराचा असा संग्रह करू नये असंच सांगितलं. आणि यंत्र 'नाव' देतच नाही, फक्त संभाव्य जोड्यांची यादी देतं. पुढे माणूसच सूक्ष्मदर्शकाखाली दोन पुंगळ्या शेजारी ठेवून बघतो.

माझं डोकं फिरलं ते 'यंत्र चुकत नाही' या वाक्याने. ज्या पद्धतीचे गोडवे गायलेत ती राबवणाऱ्या मेरीलँडच्याच सर्वोच्च न्यायालयाने जून २०२३ मध्ये एका खुनाच्या खटल्यातली शिक्षा रद्द केली. तज्ज्ञाने साक्षीत ठासून सांगितलं होतं की गोळ्या आरोपीच्याच बंदुकीतून सुटल्या. न्यायालय म्हणालं, खुणा जुळतात इतपत सांगा, 'याच बंदुकीतून' असं बिनशर्त सांगण्याइतका आधार या शास्त्राने दाखवलेला नाही. आणि मामा, इतकं लांब कशाला जायचं? पानसरे तुमच्याच गावचे. दाभोलकर, पानसरे, कलबुर्गी यांच्या खुनांतल्या गोळ्या-पुंगळ्यांवर मुंबई आणि बंगळुरूच्या प्रयोगशाळांची मतं जुळेनात, म्हणून स्कॉटलंड यार्डचं मत घेणार असल्याचं सीबीआयने उच्च न्यायालयात सांगितलं होतं. पाच मिनिटांत फाशी द्यायची तर कुठल्या प्रयोगशाळेचं ऐकून द्यायची?

'जन्मभर न बदलणारा ठसा': धातू झिजतो, पिन बदलता येते, कानस कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळते. नंबर छापणारी बंदूक: कॅलिफोर्नियाने २००७ मध्ये तसा कायदा केला, २०१३ मध्ये तो लागू झाला, आणि त्यानंतर कितीतरी वर्षं एकाही कंपनीने तसलं पिस्तूल तिथे विकायला आणलं नाही. रिव्हॉल्वर तर पुंगळी बाहेर टाकतच नाही, ती आतच राहते.

एक गोष्ट मात्र नाइलाजाने मान्य करते. गुन्ह्यांच्या जागी सापडलेल्या पुंगळ्यांचीच आपसांत तुलना करणारी व्यवस्था अमेरिकेत १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून देशभर आहे, आणि ती उपयोगी पडते. दोन गावांतल्या दोन गोळीबारांत एकच पिस्तूल वापरलं असावं एवढं कळलं तरी तपासाला धागा मिळतो. पण त्यात मालकाचं नाव कुठेच नसतं. असतं तरी ते दुकानातून घेणाऱ्याचं असतं, चोरून नेणाऱ्याचं नाही.

राहिलं 'भारतात उद्यापासून'. मी सेशन्स कोर्टात गोळीबाराच्या ज्या फायली वाचते, त्यात पंचनाम्यात बहुतेक वेळा 'गावठी कट्टा' लिहिलेला असतो. कुठल्याशा शेडमध्ये लोखंडी नळी कापून केलेला, ना नंबर, ना परवाना, ना पावती. त्याची पहिली पुंगळी पाकिटात घालून पोलिसांकडे कोण पाठवणार, एवढं मामांना विचारलंय. निळ्या खुणा आल्यात. उत्तर अजून नाही.