साल वाळवून दळली की पीठ होतं?

एक संदेश सध्या खूप फिरतो आहे: "साली, कोंडा, चोथा, पेंड काहीच फेकू नका. उन्हात वाळवा, दळा, पिठात पाव हिस्सा मिसळा. सालीत गरापेक्षा जास्त सत्त्व असतं, आणि अपायकारक जे असेल ते शिजवताना मरतं." उरलेल्या मालातून खाद्यपदार्थ करायलाच हवेत, यात वादच नाही. पण हे जसंच्या तसं पाळलं तर माल खराब होईल, नाहीतर खाणारा आजारी पडेल.

"उन्हात वाळवा." रस काढल्यावर उरलेल्या सफरचंदाच्या चोथ्यात ७० ते ८० टक्के पाणी असतं, शिवाय साखर. ढीग करून ठेवला तर लवकरच आंबायला लागतो. जाड थर पसरला की वरचा पापुद्रा सुकतो आणि ओलावा आत कोंडतो. हाताला कुरकुरीत लागलेला तोच माल डब्यात बुरशी धरतो. म्हणून चोथा निघाल्याबरोबर आणखी पिळा, जाळीच्या ट्रेवर सेंटीमीटरभर थर द्या आणि ६० ते ७० अंश सेल्सिअसच्या वाहत्या हवेत उलथवत वाळवा. ओलावा १० टक्क्यांच्या खाली यायला हवा. तो अंदाजाने ठरवू नका, तराजू वापरा: ७५ टक्के पाणी असलेला १० किलो चोथा वाळून २.८ किलोच्या खाली उतरला पाहिजे. पूर्ण थंड करून मूठभर माल काचेच्या बंद बरणीत दिवसभर ठेवा. आतून दव धरलं तर पुन्हा ट्रेवर. सडकी फळं मात्र रस काढण्याआधीच बाजूला काढायची, कारण त्यांच्यातलं पॅट्युलिन हे बुरशीचं विष वाळवून जात नाही.

तांदळाच्या कोंड्याला तर वाळवण्याइतकाही वेळ नसतो. पॉलिश होताना दाण्याचे थर फाटतात आणि लायपेज हे विकर (एन्झाइम) कोंड्यातल्या तेलावर तुटून पडतं. काही तासांत मुक्त मेदाम्लं वाढू लागतात आणि कोंडा खवट, कडू होतो. गिरणीतून निघताच तो १२० ते १३० अंशांच्या ओल्या उष्णतेतून काढावा लागतो. कारखान्यात हे एक्स्ट्रूडरमध्ये, म्हणजे माल दाबून पुढे ढकलत तापवणाऱ्या यंत्रात करतात. कढईत कोरडा भाजला तर उष्णता सगळीकडे सारखी लागत नाही, विकर पुरतं मरत नाही, आणि ओल लागली की पुन्हा कामाला लागतं. शिवाय भातातलं अजैविक आर्सेनिक हे विषारी द्रव्य कोंड्यात एकवटतं, त्याची तपासणी टाळता येत नाही.

"सालीत जास्त सत्त्व." तंतू आणि पॉलिफेनॉल ही वनस्पतींतली उपयोगी द्रव्यं जास्त असतात, खरं आहे. पण फवारणीचे अवशेष आणि मेणही सालीवरच बसतात. चार किलो साल वाळून एक किलो झाली की न उडणारे अवशेषही चौपट दाट होतात. धुतल्याने काही जातात, सगळे नाही.

"शिजवताना मरतं." सगळ्यात घातक वाक्य हेच. जंतू मरतात, विष मुळात जिवंतच नसतं. बुरशी लागलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीतलं अफ्लाटॉक्सिन भाजून, उकडून टिकतं. हिरव्या किंवा कोंब आलेल्या बटाट्याच्या सालीतलं सोलानीनही तसंच. जर्दाळूच्या कोयीतल्या कडू बीची पूड भिजली की सायनाइड सुटतं. त्या वाटेला जाऊच नका. उलट सोयादुधाच्या चोथ्यात ट्रिप्सिन या पचनाच्या विकराला अडवणारी प्रथिनं असतात आणि ती ओल्या उष्णतेने खरोखर निकामी होतात. म्हणजे प्रत्येक मालाचा प्रश्न वेगळा, उपायही वेगळा.

"पाव हिस्सा मिसळा." पावाच्या कणकेत एवढी पूड घातली तर ग्लूटेन, म्हणजे कणकेला ताण देणारं गव्हातलं प्रथिन, विरळ होतं, तंतू पाणी ओढून घेतात आणि जाड कण फुग्यांच्या भिंती फाडतात, पाव बसतो. पिठाच्या ५ टक्क्यांपासून सुरुवात करा, १० च्या वर सहसा जाऊ नका. पूड बारीक चाळा, अर्धा तास आधी भिजवा आणि कणकेचं पाणी थोडं वाढवा. बिस्किटांना पावासारखं फुगायचं नसतं, त्यामुळे ती जास्त पूड सोसतात. संत्र्याची साल मात्र तिथेही कडवट लागते. दोन-तीन पाण्यांत उकळून पाणी फेकलं तर कडूपणा कमी होतो, अर्थात वासही जातो.

आणि संदेशात नसलेली एक गोष्ट: शेंगदाण्याची पेंड किंवा सोयाचा चोथा घातलेल्या पदार्थाच्या वेष्टनावर तसं ठळक लिहा. अ‍ॅलर्जी असलेल्याच्या जिवाचा प्रश्न आहे.