तिनं उभ्यानं घेतलेला फोन

आज ऑफिसात एक लग्नपत्रिका हातात पडली आणि तेव्हापासून डोकं तापलंय.

इथे इंडोनेशियात, सुराबायात माझ्या शेजारी बसणारी मुलगी. वय 24. बाराव्या वर्षापासून जोंबांगच्या एका पेसांत्रेनमध्ये राहून शिकली. पेसांत्रेन म्हणजे इथला निवासी मदरसा; मुख्य गुरू कियाई, त्यांची बायको न्याई. दोन महिन्यांपूर्वी जेवताना तिला न्याईंचा फोन आला. ही ताडकन उभी राहिली. मान खाली, तोंडात फक्त "इंग्गीह, इंग्गीह", म्हणजे अदबीचं हो. डब्यातला भात तसाच. फोन ठेवून म्हणाली, "म्बाक, माझं लग्न ठरलं." (म्बाक म्हणजे ताई.)

कियाईंनी इस्तिखाराची नमाज पढून कौल घेतला होता. मुलगा तिथलाच जुना विद्यार्थी. फोटो नंतर आला.

"मला विचारलं ना, मी हो म्हटलं," असं ती म्हणते. अगं, जो फोन बसून घेता येत नाही, त्यावर नाही कसं म्हणणार? गुरूचा शब्द मोडला की 'कुवालात' होतं, वाटोळं होतं, हे लहानपणीच मनात भरवायचं आणि मग संमती घ्यायची! इथल्या 1991 च्या इस्लामी कायदेसंहितेत दोघांची संमती हवी असं स्वच्छ लिहिलंय. 2019 मध्ये मुलीचं लग्नाचं किमान वय 16 वरून 19 केलं. पण तो फोन कुठल्या कलमात बसतो?

कियाई मुलांना वर्षानुवर्षं ओळखतात, अशी पुष्कळ लग्नं सुखाची होतात. बरं, मान्य. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले अब्दुर्रहमान वाहिद जोंबांगचेच. 1968 मध्ये त्यांचं लग्न लागलं तेव्हा ते परदेशात शिकत होते, नवरदेवाच्या जागी आजोबा बसले. पण त्याआधी दोघांची पत्रं चालली होती! पत्राला उत्तर द्यायला वेळ मिळतो.

आणि आमच्या घरच्या ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, "त्यांच्यात असंच असतं." त्यांच्यात? आत्या, तूच सांगितलं होतंस, आजोबा "मुलगा चांगला आहे" म्हणाले तेव्हा तू दाराची चौकट धरून उभी होतीस. तूही उभीच होतीस गं.

2017 मध्ये चिरेबोनच्या एका पेसांत्रेनमध्येच स्त्री उलेमा जमल्या आणि बालविवाह रोखणं हे कर्तव्य आहे असा फतवा दिला. त्याच भिंतींच्या आत. म्हणून तर जास्त राग येतो.

संध्याकाळी न राहवून विचारलंच, नाही म्हणावंसं वाटलं नव्हतं का? बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "तसं म्हणता येतं हे तेव्हा डोक्यातच आलं नाही, म्बाक." आणि लगेच, "लग्नाला साडी नेसून याल ना?"

शनिवारी जातेय. आईची पैठणी काढून ठेवलीय.