गाडी गरम होते, पण केव्हा? थर्मोस्टॅटवरच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

गाडी गरम होण्यावरच्या माझ्या लेखाला तुम्ही, स्वतः गॅरेज चालवणाऱ्याने, सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. बाकी वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात असं: लिक्विड-कूल्ड मोटरसायकल गरम होते म्हणून आली की थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत रेडिएटरची वाट बंद ठेवणारा व्हॉल्व्ह) काढून टाकायचा, कूलंटऐवजी (ग्लायकॉल हे रसायन आणि पाणी यांचं मिश्रण) साधं पाणी भरायचं आणि पंख्याला हँडलवर वेगळा स्विच द्यायचा. आपल्याकडे बर्फ पडत नाही, त्यामुळे थर्मोस्टॅट आणि कूलंट ही थंड मुलखातली थेरं. लेखातल्या चाचण्या पुस्तकी, गिऱ्हाईक तेवढं थांबत नाही. शेवटी तुम्ही एक गाडीही सांगितलीत: 200 सीसी, हे तिन्ही उपाय केलेली, गावात ठीक चालते, पण हायवेला ताशी 80 किमीच्या पुढे पाच-सात मिनिटांत तापमानाचा काटा चढतो आणि रेडिएटरच्या रिझर्व्ह टाकीतून पाणी बाहेर येतं. रेडिएटर बदलू की इंजिनचं हेड (सिलिंडरवरचा भाग) खोलू, असं विचारलंत.

त्या गाडीकडे येतोच. आधी पाण्याचं बघू, कारण तिथे तुमचं निम्मं बरोबर आहे.

एक किलो पाणी एका अंशाने तापायला साधारण 4.2 किलोज्यूल उष्णता घेतं. निम्मं ग्लायकॉल आणि निम्मं पाणी असं मिश्रण 3.5 च्या आसपास घेतं. म्हणजे उष्णता वाहून नेण्यात पाणी सरस, यात वाद नाही. ट्रॅकवरच्या रेसच्या गाड्यांत ग्लायकॉलला बंदी असते, पण तिचं कारण वेगळं आहे. ते सांडलं की ट्रॅक निसरडा होतो आणि मागचा पडतो. शिवाय त्या गाड्यांचं पाणी सारखं बदललं जातं. गिऱ्हाईकाची गाडी दोन-दोन वर्षं त्याच पाण्यावर फिरते.

अडचण उकळण्याची आहे. समुद्रसपाटीला पाणी 100 अंशांना उकळतं, महाबळेश्वरच्या उंचीवर 95-96 ला. रेडिएटरच्या झाकणाने 1.1 बार दाब धरला तर हाच आकडा 122 च्या आसपास जातो. पण झाकणाचं रबर कडक झालं असेल तर पुन्हा शंभरावर येतो, आणि ट्रॅफिकमध्ये पंखा सुरू होतो तोच मुळी शंभरच्या आसपास. निम्म्या-निम्म्या मिश्रणाला झाकण गेलं तरी 107 पर्यंत उसंत असते, झाकण चांगलं असेल तर 130 च्या जवळपास. काट्यावर दिसतं ते एकंदर पाण्याचं तापमान. हेडमध्ये एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या बैठकीजवळ धातू त्याहून खूप तापलेला असतो, तिथे वाफेचा थर बसला की मागून कितीही पाणी येवो, धातूला ते लागतच नाही.

दुसरी गोष्ट क्षारांची. दख्खनच्या काळ्या खडकातलं बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड असतं. सोलापूर, लातूरकडे गीझरच्या कॉइलवर पांढरा थर बसलेला तुम्ही पाहिलाच असेल. रेडिएटरच्या नळ्या त्या कॉइलपेक्षा कितीतरी अरुंद. शिवाय हेड, रेडिएटर, पंपाचं कव्हर सगळं अॅल्युमिनियम. गंजरोधक नसलेलं पाणी ते हळूहळू खातं. घरच्या आरओच्या पाण्यातही क्षार उरतात. कूलंट पातळ करायचंच असेल तर डिस्टिल्ड वॉटर घ्या, एवढ्या गाड्यांना लागून लागून एक ते दीड लिटर लागतं.

उलटी चूकही तितकीच होते. कॉन्सन्ट्रेटचा डबा पाणी न घालता तसाच ओतला, तर निव्वळ ग्लायकॉल पाण्याच्या निम्म्याहून थोडीच जास्त उष्णता नेतं आणि जाडसर असल्यामुळे वाहतंही सावकाश. डब्यावर 'प्रीमिक्स' किंवा 'रेडी टू यूज' लिहिलंय का ते वाचा. हिरवं, लाल, निळं या रंगांवर जाऊ नका, रंग कुठल्याही नियमाने ठरलेला नसतो. वेगवेगळ्या रसायनांची कूलंट एकत्र झाली की गाळ होऊ शकतो. आत काय आहे ते ठाऊक नसेल तर सगळं काढून धुवून नवं भरा. काढलेलं कूलंट गटारात ओतू नका किंवा उघड्या डब्यात ठेवू नका; चवीला गोड असतं, कुत्री-मांजरं चाटतात आणि मरतात.

आता थर्मोस्टॅट. बर्फाशी त्याचा फारसा संबंध नाही. इंजिन लवकर ऐंशीच्या घरात नेणं आणि तिथे ठेवणं हे त्याचं काम. निफाडला जानेवारीत पारा एक आकडी असतो. तशा सकाळी थर्मोस्टॅट नसलेली गाडी उतारावर निवांत चालली तर इंजिन तापतच नाही. ईसीयूला (पेट्रोल किती सोडायचं ते ठरवणाऱ्या इंजिनच्या कॉम्प्युटरला) ते गार वाटतं, तो जास्त पेट्रोल सोडत राहतो, त्यातलं काही सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइलमध्ये उतरतं. ऑइलमधला ओलावा उडून जात नाही, फिलर कॅपच्या आत पांढरट साय धरते. मग कुणीतरी ती साय पाहून हेड गॅस्केट (हेड आणि सिलिंडरमधलं सील) गेलं म्हणून सांगतं. छोट्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत नुसती कॅपखाली साय दिसली तर लगेच हेडकडे वळू नका. डिपस्टिकवर किंवा ऑइल बघायच्या काचेतही ऑइल दुधाळ दिसलं तर मात्र प्रश्न आहे.

थर्मोस्टॅट काढल्यावर काही गाड्या उलट जास्त तापतात, हे तुम्हीही पाहिलं असेल. "पाणी फार जोरात पळतं, त्याला गार व्हायला वेळ मिळत नाही," हे त्याचं गॅरेजमधलं ठरलेलं स्पष्टीकरण. ते खोटं आहे. बंद चक्रात पाणी जितकं जोरात फिरेल तितकी उष्णता जास्तच निघते. खरं कारण बायपास. थर्मोस्टॅट बंद असताना पाणी रेडिएटरला वळसा घालून छोट्या वाटेने पंपाकडे परत येतं. काही इंजिनांत थर्मोस्टॅटच्या खालच्या टोकाला दुसरी चकती असते, मुख्य वाट उघडली की ती ही छोटी वाट बंद करते. थर्मोस्टॅट काढलात की दोन्ही वाटा कायमच्या उघड्या राहतात. पाण्याचा मोठा वाटा रेडिएटरकडे न जाता तसाच गरम परत येतो.

तो खराब आहे का हे बघायला दहा मिनिटं पुरतात. पातेल्यात पाणी, त्यात दोऱ्याला बांधलेला थर्मोस्टॅट आणि तापमापी, दोन्ही तळाला टेकू न देता. अंगावर कोरलेल्या आकड्याच्या दोन-तीन अंश इकडेतिकडे तो उघडायला लागला पाहिजे आणि त्यापुढच्या दहा-पंधरा अंशांत पूर्ण उघडला पाहिजे. गार करताना पूर्ण मिटतो का तेही बघा. परत बसवताना हवा जाण्याचं बारीक भोक वरच्या बाजूला आलं पाहिजे.

स्विचबद्दल थोडक्यात. पंख्याची गरज ताशी 10 किमीसारख्या मंद वेगाला असते. 80 ला समोरून येणारी हवा त्याच्यापेक्षा खूप जास्त असते. त्यामुळे हायवेला गरम होणाऱ्या गाडीत स्विचचा काडीचा उपयोग नाही. ट्रॅफिकमध्ये गरम होत असेल तर पंखा आपोआप का लागत नाही ते शोधा: फ्यूज, रिले, सेन्सरचा कनेक्टर, मोटरचे ब्रश. मोटरला थेट 12 व्होल्ट दिल्यावर पातं बोटाने ढकलल्यावरच फिरत असेल तर मोटर गेली. आणि वायरिंगमध्ये हात घातला असेल तर दिशा नक्की तपासा. बहुतेक गाड्यांत पंखा रेडिएटरच्या मागे असतो आणि हवा समोरून इंजिनकडे ओढतो. कागदाचा तुकडा रेडिएटरच्या पुढच्या बाजूला धरा, तो जाळीला चिकटला पाहिजे. उडून जात असेल तर दोन वायरी उलट लागल्यात.

आता मुख्य मुद्दा, वेळेचा. गिऱ्हाईक थांबत नाही हे मान्य. पण जॉब कार्ड लिहिताना एकच गोष्ट विचारा: गरम नेमकी केव्हा होते? सिग्नलला होते आणि गाडी पळाली की काटा उतरतो, म्हणजे हवेचा प्रश्न. पंखा बघा, जाळीतला चिखल बघा. जाळी धुताना पाणी मागून पुढे, कमी दाबाने मारा, प्रेशर वॉशरने पत्र्या वाकतात. थंड स्टार्टनंतर तीन-चार मिनिटांतच काटा लाल, म्हणजे थर्मोस्टॅट बंद अडकलाय, आत हवा कोंडलीय किंवा गॅस्केट. आणि वेगातच गरम होते, म्हणजे पाणी फिरत नाही, कमी आहे, किंवा ज्वलनाचा गॅस पाण्यात शिरतोय. या एका उत्तराने निम्मे पार्ट यादीतून जातात. कुठलाही पार्ट हातात घेण्याआधी हे विचारायचं, एवढंच त्या लेखाचं सांगणं होतं.

तुमची गाडी तिसऱ्या गटातली. रेडिएटर मागवू नका, हेडही खोलू नका, अजून नाही.

गाडी रात्रभर गार होऊ द्या, मग झाकण उघडा. गरम असताना अजिबात नाही, अर्ध्या तासानेही होज पाइप दाबून घट्ट लागला तर थांबा. टाकी भरलेली आणि रेडिएटर रिकामा असं दिसलं तर संशयित झाकण किंवा टाकीकडे जाणारी बारीक नळी. गार होताना रेडिएटरने टाकीतलं पाणी परत ओढायला हवं. नळीला चीर असेल तर तो हवा ओढतो. झाकणाच्या मधला छोटा व्हॉल्व्ह नखाने ओढून सोडा, तो पटकन परत बसला पाहिजे. रबराला चरा दिसला तर त्याच दाबाचं नवं झाकण लावा. 1.1 च्या जागी जास्त दाबाचं लावलं तर होज आणि रेडिएटरचे सांधे गळायला लागतात.

झाकण ठीक निघालं तर रेडिएटर तोंडापर्यंत भरा, झाकण उघडं ठेवूनच थंड इंजिन सुरू करा आणि तोंडात बघत रहा. तुमच्या गाडीत थर्मोस्टॅट नाही, त्याचा इथे एक फायदा आहे: पाण्याची हालचाल पहिल्या क्षणापासून दिसायला हवी आणि रेस दिली की वाढायला हवी. पाणी ढिम्म असेल तर पंपाचं कव्हर काढा. इम्पेलर (पंपातलं पाणी ढकलणारं चक्र) दांड्यावर सैल फिरतोय किंवा पाती झिजलीत, दोन्ही सापडतं. पंपाखालच्या बारीक भोकातून थेंब किंवा वाळलेले डाग असतील तर सील गेलं आहे. ते भोक बुजवू नका, पाणी ऑइलकडे जाण्याआधी बाहेर पडावं म्हणूनच ते ठेवलेलं असतं.

बुडबुडे पहिली काही मिनिटं येणारच, कोंडलेली हवा निघते. ते थांबलेच नाहीत आणि रेसबरोबर वाढले तर हेड गॅस्केटचा संशय पक्का करा. तुमच्याकडे कंप्रेसर असेलच. पिस्टन कॉम्प्रेशनच्या टीडीसीला, म्हणजे सगळ्यात वरच्या टोकाला, आणा, गिअर टाकून मागचा ब्रेक दाबून धरा, प्लगच्या जागी अडॅप्टर लावून पाच-सहा बार हवा द्या. रेडिएटरच्या तोंडात बुडबुडे आले की हेड खोलायला कारण मिळालं, त्याआधी नाही.

यातलं काहीच नसेल तर उरतो रेडिएटर, आणि बोअरचं पाणी भरलं असेल तर माझा कल तिकडेच आहे. इनलेट आणि आउटलेटच्या पाइपाशेजारी काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवा आणि इन्फ्रारेड थर्मामीटरने त्या टेपवर मोजा. चकचकीत अॅल्युमिनियमवर ही बंदूक चुकीचा, कमी आकडा दाखवते. गाडी स्टँडवर, 4000 आरपीएम, समोर मोठा पंखा. इंजिन तापलंय आणि दोन्हीकडे फरक खूप मोठा, तर पाणी सावकाश वाहतंय: नळ्या तुंबल्यात किंवा पंप कमी देतोय. इंजिन तापलंय आणि फरक जेमतेम दोन-तीन अंश, तर पाणी वाहतंय पण हवा लागत नाही. जाळीवर ठिकठिकाणी मोजताना मध्येच गार पट्टे लागले तर त्या नळ्या बंद आहेत. रेडिएटर क्लीनरने एकदा धुवून बघा. फरशीचं अॅसिड घालू नका, अॅल्युमिनियम जातं. धुतल्यावरही पट्टे गार राहिले तर मात्र बदला.

हे सगळं झाल्यावर थर्मोस्टॅट नव्या ओ-रिंगसह परत बसवा, कूलंट हळूहळू भरा, पुढचं चाक उंच करून आणि गाडी दोन्ही बाजूंना कलती करून हवा काढा, ब्लीड स्क्रू असेल तर तो सैल करून बुडबुडे थांबेपर्यंत. हायवेला अर्धा तास पळवून आणा. दुसऱ्या दिवशी सकाळी टाकीतली खूण न बघता रेडिएटरचं झाकण उघडा: जेमतेम 50 मिली कमी असेल तर ती उरलेली हवा आहे, भरून द्या. तिसऱ्या दिवशीही तेवढंच कमी झालं तर पाणी अजून कुठेतरी जातंय, गाडी गिऱ्हाईकाला देऊ नका.