काच फुटली, पाटी लावली

काल रात्री सासऱ्यांनी चालू सिनेमा थांबवून माझ्या हातात झाडू दिला. अजून डोक्यातून जात नाही.

सिनेमा नोआ बॉमबाकचा पहिला, १९९५ चा 'किकिंग अँड स्क्रीमिंग'. कॉलेज संपलंय, पदवी मिळालीय, आणि चार मित्र कॉलेजच्याच गावात तळ ठोकून नुसते बोलतायत. एकाची मैत्रीण प्रागला निघून जाते. हा जागचा हलत नाही. घरात काच फुटते. मॅक्स नावाचं कार्टं ती झाडत नाही. 'फुटलेली काच' अशी पाटी लिहून काचांवर उभी करतं.

नाना ताठ बसले.

"झाडू नाही का यांच्याकडे?"

"असेल की."

"कागद आहे, पेन आहे, वेळ तर ढीगभर. मग?"

"नाना, तोच तर विनोद आहे."

"पाय कापला की हसा." मग जरा थांबून, "यांना वडील आहेत का?"

"एकाचे येतात पुढे."

"येऊन काय करतात?"

"बोलतात."

नानांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू त्या वडिलांना मीच पाठवलं होतं.

आता यांना कोण सांगणार, की बोलणं हाच गरीब सिनेमाचा आधार! चौघांना सोफ्यावर बसवा, दिवे एकदाच लावा, पटकथेची पाच पानं उरकतात. अर्थात १६ मिलिमीटर फिल्मचं ४०० फुटी रीळ ११ मिनिटांत संपतं. दहाव्या मिनिटाला कुणी अडखळला की पैसे पाण्यात. केव्हिन स्मिथ या दिग्दर्शकानं 'क्लर्क्स' हा सिनेमा २७,५७५ डॉलरमध्ये केला. दिवसा ज्या दुकानात नोकरी, तिथेच रात्री शूटिंग. पण गोष्ट दिवसाची! बाहेरचा अंधार दिसला तर बोंब. म्हणून कुलपात कुणीतरी च्युइंगगम कोंबलंय असं लिहून टाकलं आणि शटर खालीच ठेवलं. त्यात सिनेमा कृष्णधवल, म्हणजे ट्यूबलाइटच्या उजेडात चेहरे हिरवट दिसायची भानगडच नाही. याला अक्कल लागते. माणसं मात्र 'यात काही घडतच नाही' म्हणून मोकळी होतात.

हे सगळं मी तळमळीनं सांगत होतो. नानांची नजर सोफ्याखालच्या शेंगांच्या टरफलांवर.

"काय जावईबापू, पाटी लावताय की झाडताय?"

टरफलं त्यांचीच होती. निम्मी तरी.

मी झाडून आलो, तर टीव्हीवर बातम्या.